संगीतवाल्यांचं काय बुडतंय

"संगीतवाल्यांना उठव. त्यांचं काय बुडतंय?"

मुख्याध्यापक व्हरांड्यात शिपायाला सांगत होते. आवाज हळू नव्हता, हळू ठेवायचं त्यांना काही कारणही नव्हतं. आत बाईंनी पेटीच्या पट्टीवर बोट तसंच दाबून धरलं होतं आणि मी त्यांच्यासमोर तोंड अर्धं उघडून उभी होते. माझा सा अजून बाहेर पडायचा होता.

त्या दिवशी बाईंनी गाण्यांची वही बाजूला ठेवली होती. एकेकीला पुढे बोलावून त्या तिची पट्टी शोधत होत्या. ज्या स्वरावर तुमचा सा सुखाने बसतो ती तुमची पट्टी, असं त्यांनी सांगितलं होतं. दुसरीच्या पट्टीत गायला गेलात तर गळा ओरडतो किंवा गिळतो. कुणाची पेटीवरची काळी चार निघाली, कुणाची काळी पाच. माझी वेळ आली तेव्हा त्यांनी काळी चार दिली, माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि एकेक स्वर खाली येत गेल्या. "घाबरू नकोस," त्या म्हणाल्या, "खालची असली तर खालची. ती काही कमीपणाची नसते."

तेवढ्यात शिपाई दारात आला. महाबळेश्वरला निघालेले कोणी साहेब वाटेत शाळेत चहाला थांबणार होते. बाईंनी पेटीचा भाता बंद केला. आम्ही चपला घालून पटांगणात गेलो आणि सगळ्या काळी चारमध्ये स्वागतगीत गायलो. म्हणजे बाकीच्या गायल्या. मी नेहमीसारखे ओठ हलवले.

ओठ हलवायची सवय मुंबईची. तिथल्या इंग्रजी शाळेत पियानो वाजवणाऱ्या टीचरनी मला दुसरीतच सांगितलं होतं की तुझा आवाज मुलग्यांसारखा आहे, तू नुसती तोंड उघड-मीट कर. पुढे वडिलांची महाडच्या कोर्टात कारकून म्हणून बदली झाली आणि मी मराठी शाळेत आले. इथे मला कोणी आवाजावरून बोललं नाही, कारण मी आवाजच काढत नसे. वर्गात मला 'मड्डम' म्हणत. मी इंग्रजीत सगळ्यांच्या पुढे होते, मराठीत चाचरत होते, आणि मधल्या सुट्टीत खिडकीपाशी उभी राहून कोण काय बोलतं ते ऐकत होते. ऐकण्याचा मला कंटाळा नव्हता.

तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे आणि आमच्या शाळेत मुलींना वरच्या गणिताऐवजी संगीत घेता येई. मी संगीत घेतलं तेव्हा गणिताचे सर घरी आले. वडिलांपुढे बसून म्हणाले, हुशार मुलगी आहे, तिला संगीत कशाला? ती काय नापास होणारी आहे? वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून बसले, पण मान डोलावली नाही. तेवढ्यावरून वडील समजले. ते मला नेहमी असंच समजून घेत.

शाळेत संगीत म्हणजे ढ मुलींचा विषय होता. मुलगे त्या तासाला सुतारकामाच्या शेडमध्ये असत आणि बाईंनी पेटी उघडली की तिकडून बकऱ्यांचं ओरडणं सुरू होई. सरगमेच्या प्रत्येक स्वराला एक बकरी. वर्गातल्या मुलीही काही संगीतासाठी आल्या नव्हत्या. डॉक्टरांची मुलगी सरळ सांगे, "मला राग-बिग काय करायचेत? बघायला आले की एक भावगीत म्हणायचं, चहा द्यायचा, झालं." बाकीच्यांना भूमिती चुकवायची होती. आणि माझ्या शेजारी बसणारी, जी पुढे माझी एकुलती एक मैत्रीण झाली, ती म्हणे, "गाणं काय शिकायचं असतं गो? ते येतं, नायतर नाय येत."

तिला येत होतं. ती पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीतली. पहाटे वाडीतून उतरून एस. टी. धरायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. वडील मुंबईला गिरणीत. त्यांनी तिला मॅट्रिकपर्यंतच मुदत दिली होती. मॅट्रिक झाली तर डी. एड. करून मास्तरीण हो, नाही झाली तर दिवाळीला आलो की स्थळ बघतो. गणितात तिला गती नव्हती. संगीत होतं म्हणून ती अकरावीच्या वर्गात बसली होती, आणि हे तिला पुरतं माहीत होतं.

तिचा गळा मोकळा होता. भातलावणीला बायका एका बांधावरून दुसऱ्या बांधाला ऐकू जाईल असं गातात, तसा. वर्गाच्या भिंतींना तो मावत नसे. स्वागतगीताला तिला मागच्या रांगेत माझ्याजवळ उभं करत आणि जरा दाबून गा म्हणत. तरी गाणं सगळं तिच्यावरच उभं असे. पुढच्या रांगेत डॉक्टरांची मुलगी आणि तिच्यासारख्या चार जणी. ओवाळणीचं ताट त्यांच्याच हातात. पहिल्या वर्षी एकदा ताट चुकून माझ्या हातात आलं होतं. दुसऱ्याच एका शिक्षिकेने माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं, आणि ताट कोणी काही न बोलता शेजारच्या मुलीकडे गेलं. चवदार तळ्याच्या गावात हे घडत होतं, आणि तळ्याच्या कार्यक्रमालाही कोणी पुढारी आला की स्वागतगीत आमचंच. मी घरी काही सांगितलं नाही. घरी ते सांगायची गरज नव्हती.

महाडच्या जागेचा दोष म्हणा. मुंबईहून गोव्याला जा, पोलादपुरावरून घाट चढून महाबळेश्वरला जा, रायगडाला जा, शिवथरच्या घळीला जा, वाटेत महाड. त्यामुळे प्रत्येक मोठा माणूस आमच्या गावावरून जाई आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष त्याला शाळेत आणल्याशिवाय सोडत नसत. गाणं एकच होतं. 'धन्य जाहले अंगण अमुचे, अमुक आले दारी.' अमुकच्या जागी त्या दिवशीचा पाहुणा बसे. सभापती आले दारी, साहेब आले दारी, मंत्री आले दारी. कधी पद लांबलचक असलं की चालीत मावत नसे आणि ते कसं कोंबायचं यावर बाईंचा अख्खा तास जाई. मैत्रीण डेपोवर गाडीची वाट बघताना गात असे, 'धन्य जाहले अंगण अमुचे, पोलादपूर आले दारी,' आणि गाडी पंक्चर असली तर त्याचंही कडवं तिने केलेलं होतं. कंडक्टर हसायचा. ती मला म्हणायची, "तूपण म्हण ना गो." मी नुसती हसायचे.

पट्टी शोधायचा तो तास मोडला त्याच्यानंतर मी बाईंना व्हरांड्यात गाठलं. विचारायला फार धीर लागला. पुन्हा कधी घ्याल तो तास? बाई म्हणाल्या, घेऊ की, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात शिक्षणखात्याचे कोणी आले. त्याच्या पुढच्या आठवड्यात अध्यक्षांच्या घरी सत्यनारायण होता आणि आम्हाला तिथे गायला नेलं. मग सहामाही. मग स्नेहसंमेलन. बाई वाईट नव्हत्या, हे मी पुन्हा पुन्हा सांगत राहीन. त्यांना भूप, यमन, काफी येत होते. वर्ग सुटल्यावर एखाददा त्या पेटी ठेवता ठेवता स्वतःशीच काही गुणगुणत, आणि झाडूवाल्या मावशी झाडू थांबवून ऐकत. पण त्या अर्धवेळ होत्या. दर जूनला त्यांना नव्याने नेमणूक मिळे आणि ती अध्यक्षांच्या सहीने मिळे. अध्यक्षांना भूप नको होता. त्यांना दारी आलेला पाहुणा खूष होऊन जायला हवा होता.

थंडीच्या सुरुवातीला आम्हाला पोलादपूरला नेलं. घाटाच्या पायथ्याशी संस्थेने नवी शाखा काढली होती आणि मुंबईहून महाबळेश्वरला जाणारे एक मंत्री फीत कापायला थांबणार होते. गणिताच्या मुली वर्गात राहिल्या, त्यांची चाचणी जवळ आली होती. आमचीही आली होती. आम्हाला टेम्पोत उभं करून नेलं. पेटी मांडीवर घेऊन बाई पुढे ड्रायव्हरपाशी बसल्या.

सकाळी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो त्या दुपार कलेपर्यंत. सावली नव्हती. ताटातली निरांजनं परत परत विझत होती आणि परत परत लावली जात होती. गावातले लोक जमले होते, वाड्यांवरून आले होते. त्यांत मैत्रिणीची आई होती. डोक्यावर गवताचा भारा घेऊन बाजाराला निघालेली, लेक दिसली म्हणून थांबली. मैत्रीण आईला पाहून अशी काही सरळ झाली की मला हसू आलं. आईने भारा खाली ठेवला आणि लेकीचं गाणं ऐकायला रस्त्याच्या पलीकडे बसली.

मग धुरळा दिसला. अध्यक्षांनी हात वर केला, बाईंनी सूर दिला, आम्ही सुरुवात केली. मैत्रिणीला त्या दिवशी कोणी दाबून गा म्हटलं नव्हतं, किंवा म्हटलं असेल आणि तिने ऐकलं नसेल. तिचा आवाज समोरच्या डोंगरापर्यंत गेला. पुढची जीप आली, तिच्यामागे गाडी आली. गाडीची काच वर होती. ती थांबली नाही. जरासुद्धा हळू झाली नाही. आम्ही 'आले दारी'वर होतो आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

कोणीही आम्हाला थांबा म्हटलं नाही. हे मला आजही सहन होत नाही. अध्यक्ष वळणाकडे बघत होते, मुख्याध्यापक अध्यक्षांकडे बघत होते, बाई पेटी वाजवत होत्या, आणि आम्ही धुरळ्याला उद्देशून दुसरं कडवं गात होतो. मुलगे असते तर त्यांनी शिट्ट्या मारल्या असत्या. आम्ही गाणं पुरं केलं. कारण आम्हाला तेवढंच शिकवलं होतं.

मैत्रिणीची आई उठली. भारा उचलून देताना मी जवळ होते म्हणून ऐकलं. लेकीला ती एवढंच म्हणाली, "याच्यासाठी इतक्या लांब जातेस गो?" रागाने नाही. खरंच विचारत होती.

त्यानंतर मैत्रिणीने डेपोवर गाणं बंद केलं.

जानेवारीत चाचणी आली. या चाचणीत नापास झालेल्या मुलींना शाळा मॅट्रिकला बसू देत नसे, निकाल चांगला दिसावा म्हणून. संगीताची तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरून एक परीक्षक बोलावले होते. अभ्यासक्रमात काय काय आहे ते मी पुस्तकात पाहिलं होतं. तीन राग, त्यांचे आरोह-अवरोह, एकात बंदिश, हाताने टाळी-खाली दाखवून ताल. आम्हाला त्यातलं काहीच येत नव्हतं. शेवटच्या आठवड्यात बाई कासावीस झाल्या होत्या. रोज सकाळी लवकर या, भूप तरी बसवू, असं म्हणाल्या. मैत्रिणीची पहिली गाडी तेवढी लवकर नव्हती. आणि त्या आठवड्यातल्या दोन सकाळी गेल्या कशात, तर परीक्षकांच्या स्वागताची तयारी करण्यात.

हो. परीक्षकांचंही स्वागत केलं. मुख्याध्यापक म्हणाले, बाहेरचा माणूस आहे, संगीतातला आहे, त्याच्यासमोर तर झालंच पाहिजे. 'परीक्षक' हा शब्द चालीत नीट बसतो. धोतर, काळा कोट घातलेले ते म्हातारे गृहस्थ फाटकात संकोचून उभे राहिले, ओवाळून घेतलं, नारळ काखेत धरला आणि घड्याळ बघितलं. मग ग्रंथालयात टेबल मांडलं गेलं. एका बाजूला मुख्याध्यापक बसले, दुसऱ्या बाजूला अध्यक्ष, कारण अध्यक्षांना संगीताची आवड होती असं ते सांगत. बाई पेटीपाशी खाली सतरंजीवर. आम्ही भिंतीला टेकून ओळीने.

डॉक्टरांच्या मुलीने घरी वेगळी शिकवणी लावली होती. तिने भूपाचे स्वर म्हटले, बंदिशीच्या दोन ओळी म्हटल्या, सुटली. मग मैत्रीण.

परीक्षकांनी भूपाचा आरोह विचारला. तो तिला आला नाही. त्यांनी तीनताल विचारला. तिने एक टाळी वाजवली आणि हात तसाच धरून उभी राहिली. त्यांनी विचारलं, कुठलाही राग, तुला आवडेल तो. ती बाईंकडे बघू लागली. बाईंची मान खाली, बोटं पेटीच्या झाकणावर. परीक्षक काही चिडले नव्हते. त्यांनी चष्मा काढला आणि साधं विचारलं, "मग वर्षभर केलंत काय?"

मैत्रिणीच्या आधी मुख्याध्यापकच बोलले. हसत, सुपारी कातरत बोलावं तसं. "अहो, या मुलींना आवडच नाही. गणित नको म्हणून येऊन बसतात. हल्लीची पोरं, तुम्ही बघताच. बाई बिचाऱ्या काय करणार?"

अध्यक्षांनी मान हलवली. परीक्षकांनीही हलवली, खेदाने, आणि पेन उघडलं. पेन कागदाकडे जाताना मला दिसलं. मैत्रीण पायाच्या अंगठ्याने फरशी दाबत होती. तिचं डी. एड., तिची पहाटेची गाडी, रस्त्यापलीकडे बसून ऐकणारी तिची आई, सगळं त्या पेनाच्या टोकाशी होतं, आणि ती तीन माणसं आपापसात ठरवत होती की तिला आवड नाही. मी ओळीत तिच्यानंतरची होते. माझं नाव अजून पुकारलं नव्हतं. मी पुढे गेले.

मी बोलले. त्याने काय झालं ते आधी सांगते, कारण गावात ते वेगळंच सांगतात.

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. मैत्रिणीला म्हणाले, तुला जे येतं ते म्हण, काहीही. तिने भातलावणीचं, तिच्या वाडीतलं, बायका ओणव्या होऊन गातात ते गाणं म्हटलं. दाबून नाही. परीक्षक टेबलावर बोटाने ठेका धरत होते, आणि सुतारशेडमधली बकरी ओरडली नाही. त्यांनी तिला पास होण्यापुरते गुण दिले, एकही जास्त नाही. ती मॅट्रिकला बसली. आज ती त्याच घाटाच्या पायथ्याशी पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते.

माझ्या वडिलांना शाळेत बोलावणं आलं. ते कोर्टाच्या कपड्यांतच गेले, सगळं ऐकून घेतलं, घरी आले आणि मला म्हणाले, "आवाज चढवला होतास का?" मी नाही म्हटलं. "मग ठीक," ते म्हणाले. तेवढंच.

आणि जूनमध्ये बाईंना नेमणूक मिळाली नाही. मुख्याध्यापकांनी कारण दिलं की विद्यार्थिनींनीच परीक्षकांसमोर तक्रार केली, बाई शिकवत नाहीत म्हणून. त्याच्या पुढच्या वर्षी विषयच बंद केला. मुलींना आवड नाही, असं लिहून बंद केला. स्वागतगीत बंद झालं नाही. ते आता शिवणाच्या बाई बसवून घेतात.

मी बाईंच्या घरी गेले होते. त्यांनी चहा केला, माझ्या कॉलेजची चौकशी केली, त्या दिवसाबद्दल अक्षर काढलं नाही. निघताना म्हणाल्या, तुझी काळी दोन असावी, मला तेव्हाच वाटलं होतं. मला रडता आलं नाही इतका राग आला होता, आणि तो बाईंवर नव्हता.

तेव्हा मी काय बोलले ते इथे जसंच्या तसं लिहिते. ग्रंथालयात टेबलासमोर उभी राहून, माझ्या त्या खालच्या आवाजात, परीक्षकांकडे बघत मी म्हणाले:

"सर, तिला आवड नाही असं हे सांगतायत, ते खरं नाही. बाईंनी शिकवायला घेतलं होतं, मी तिथेच उभी होते. त्यांना शिकवू दिलं नाही. आम्हाला दर वेळी उठवून बाहेर नेलं. वर्षभर आम्ही स्वागत केलं, सर. आज सकाळी तुमचंही केलं."